झेरॉक्स प्रतीवरची सही

विमलताई,

तुमच्या शोकसभेत मलाही बोलायला सांगितलं होतं. मी उठलो, माइकपर्यंत गेलो, "विमलताई आमच्या लेखिका होत्या," एवढं म्हणालो आणि परत येऊन बसलो. लोकांना वाटलं, प्रकाशकाला गहिवरून आलं. आलं होतंच, पण खरं कारण वेगळं होतं. माझ्या आधीच्या वक्त्यांनी तुमच्या पदव्या सांगितल्या, विभागप्रमुखपद सांगितलं, समित्या सांगितल्या. तुम्ही किती मृदू स्वभावाच्या होतात, तेही सांगितलं. मृदू! मी मनात म्हटलं, या मंडळींनी तुम्हाला पोलीस चौकीत पाहिलेलं नाही. आणि ती गोष्ट पाच मिनिटांत सांगण्यासारखी नव्हती. म्हणून आता तुम्हालाच सांगतोय. माझं काही चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करायला तुम्ही नाही. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच घडतंय आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही.

माझ्याकडे तुम्ही पहिल्यांदा आलात ते पिशवीत हस्तलिखित घेऊन. कला शाखेच्या मुलांसाठी मराठीतून संख्याशास्त्र. मी दोन पानं चाळली आणि धंद्यातला नेहमीचा प्रश्न विचारला, "मराठीत संख्याशास्त्र वाचणार कोण?"

"जे इंग्रजीत नापास होतात ते," तुम्ही म्हणालात. "भरपूर आहेत. काळजी करू नका."

रात्री ते हस्तलिखित घरी नेलं. सरासरी समजवायला तुम्ही मार्केट यार्डातल्या कोथिंबिरीचे भाव घेतले होते. सरासरी फसवते कशी, ते सांगायला बिबवेवाडीच्या एका चाळीतली बिऱ्हाडं आणि त्याच चाळीचा मालक यांच्या कमाईची बेरीज केली होती. शाळेत गणिताने मला रडवलेलं आहे. पण ते प्रकरण वाचताना मी चक्क हसलो. दुसऱ्या दिवशी तुम्हाला फोन केला. तुम्ही विचारलंत, "कळलं का?" म्हटलं, कळलं. "मग छापा. तुम्हाला कळलं म्हणजे कुणालाही कळेल."

पुस्तक आलं. ज्या कॉलेजात जावं तिथे मुलांच्या हातात ते दिसायला लागलं. माझ्या गोदामातले गठ्ठे मात्र हलेनात. हे गणित मला उलगडलं ते कर्वेनगरला, एका झेरॉक्सच्या दुकानात. मी माझी काही कागदपत्रं काढायला गेलो होतो. काउंटरच्या मागे तुमच्या पुस्तकाची चळत होती. मुखपृष्ठ काळंपांढरं, कडेला स्पायरल. मी नुसता बघत राहिलो, तर दुकानदार आपणहून म्हणाला, "काका, किती हव्यात? दहाच्या वर घेतल्या तर कमी करून देतो."

माझं पुस्तक तो मलाच घाऊक भावाने देत होता. मी सरळ जाऊन तक्रार दिली. त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही, आणि तुम्हीही त्यावरून मला कधी बोल लावला नाहीत.

पोलिसांनी दुकानदारासकट दुकानातला सगळा माल उचलून चौकीत आणला. लेखिकेचा जबाब हवा म्हणाले, म्हणून मी तुम्हाला फोन केला. तुम्ही येईपर्यंत तिथे एक वेगळंच प्रकरण उभं राहिलं होतं. पोलीस गेले तेव्हा दुकानात एक मुलगी होती. तिच्या हातातही तुमच्या पुस्तकाची स्पायरल घातलेली प्रत. शिपायाने तीही उचलली आणि नाव लिहून घ्यायला तिला सोबत आणलं. लोणी काळभोरहून रोज बसने येणारी मुलगी. बाकावर टेकायलाही तयार नव्हती.

"सर, माझा पेपर हाय उद्या," ती फौजदारांना सांगत होती. "इकायला नाय काढलं मी. लायब्ररीचं पुस्तक दोनच दिवस मिळतं, म्हणून माझ्यासाठी काढलं. स्पायरल सुटली, ती नीट करून घ्यायला आले होते."

फौजदारांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "अख्खं पुस्तक काढलंय साहेब. प्रत ती प्रत."

तेवढ्यात तुम्ही रिक्षातून उतरलात. खांद्याला तीच पिशवी. फौजदारांनी खुर्ची दिली, जबाबाचा कागद पुढे केला. "मॅडम, नुकसान तुमचंच झालंय. इथे सही करा फक्त."

तुम्ही तो कागद उभ्यानेच पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलात. मग मान वर करून विचारलंत, "ही मुलगी कोण?"

"गिऱ्हाईक आहे, मॅडम. तिच्यावर काही नाही. प्रत तेवढी जमा करावी लागेल."

तुम्ही तिच्याजवळ गेलात. मला वाटलं, धीर द्याल. तुम्ही विचारलंत, "कुठपर्यंत आलीस?"

"सहसंबंधाच्या धड्यापर्यंत, मॅडम."

"कळला?"

"थोडा थोडा."

"थोडा थोडा म्हणजे नाही. प्रत बघू."

शिपायाने टेबलावरच्या ढिगातून तिची प्रत शोधून दिली. तुम्ही पानं उलटलीत. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात काय काय लिहिलेलं होतं. एका ठिकाणी "परत वाच", एका ठिकाणी नुसतं प्रश्नचिन्ह, एका ठिकाणी उदाहरण स्वतः सोडवून बघितलेलं. ते पान तुम्ही फौजदारांसमोर धरलंत. "साहेब, विकायच्या मालावर कुणी 'परत वाच' लिहितं का?"

"ते पटतंय मॅडम. पण कायद्याने..."

"कायदा वाचून आलेय मी. स्वतःच्या अभ्यासासाठी न्याय्य वापर केला तर तो हक्काचा भंग धरत नाहीत, असं त्यात आहे. न्याय्य म्हणजे किती पानं, ते दिलेलं नाही. एक प्रकरण चालेल, हे तुमचे प्रकाशकसुद्धा कबूल करतील. अख्खं पुस्तक चालेल का, हे ठरवायला न्यायाधीशांना बसावं लागेल. तोवर हिचा पेपर होऊन जाईल."

मी मध्ये पडलो. "ताई, अहो, असं एकेकीला सोडत गेलो तर..."

"प्रकाशक, थांबा जरा. पुस्तकावर हक्क कुणाचा?"

"तुमचा."

"तुमचा काय?"

"छापायचा परवाना."

"मग माझ्या पुस्तकाची एक प्रत मला कुणाला द्यावीशी वाटली तर देता येते की नाही, ते घरी गेल्यावर करार काढून बघा. आत्ता पेन द्या."

पेन माझंच होतं. तुम्ही त्या मुलीचं नाव विचारलंत आणि त्या पुसट झेरॉक्सच्या पहिल्या पानावर लिहिलंत, 'चि. मनीषा हिला ही प्रत अभ्यासासाठी दिली आहे.' खाली सही. पुस्तकावर लेखक सही करतो हे मी हजारदा पाहिलंय. प्रकाशन समारंभात तर मीच पानं उघडून पुढे करतो. पण स्वतःच्या पुस्तकाच्या झेरॉक्सवर लेखिका सही करतेय, तीही ज्याने तक्रार केली त्याच्याच पेनाने, हे मी तेव्हाच पाहिलं. ती मुलगी पाया पडायला वाकली, तर तुम्ही म्हणालात, "पाया नको पडू. सहसंबंध परत वाच. बस चुकेल, पळ."

आणि मग त्याच पेनाने तुम्ही दुकानदाराविरुद्धच्या जबाबावर सही केलीत. तो दुकानदार तोंड वर करून बघायला लागला. त्याला वाटत होतं, मॅडम आता आपल्यालाही सोडतात. तुम्ही त्याला म्हणालात, "तू अभ्यास करतोस का संख्याशास्त्राचा? नाही ना? मग तू मुलांना माझंच पुस्तक विकतोयस, आणि तेही आलेख पुसट करून. एकही आकृती धड दिसत नाही. त्याची शिक्षा वेगळी असायला हवी."

फौजदार हसले. मला हसू येत नव्हतं. येताना रिक्षात मी धुमसत होतो. एका सहीने तुम्ही माझी तक्रार भुसभुशीत करून ठेवलीत, उद्या त्या दुकानदाराचा वकील हेच दाखवेल, असं मी म्हणालो. मग तुम्ही जे बोललात ते त्याआधी कधी बोलला नव्हतात.

बिबवेवाडीतल्या तुमच्या दोन खोल्यांच्या घरात रोज सकाळी तुमचे बाबा पंचशील म्हणायचे आणि तुम्हा भावंडांकडून म्हणून घ्यायचे. त्यातलं एक, न दिलेलं घ्यायचं नाही. कॉलेजात असताना तुम्हाला एक इंग्रजी संदर्भग्रंथ हवा होता. विकत घेण्यासारखा नव्हता आणि ग्रंथालयातून घरी मिळत नव्हता. तेव्हा अख्खी उन्हाळ्याची सुट्टी तुम्ही वाचनकक्षात बसून तो हाताने उतरवून काढलात, आकृत्यांसकट. आणि तो पुरा झाल्यावर तुमच्या मनात आलं, हे न दिलेलं घेणं झालं का? तुम्ही बाबांना विचारलंत. ते दुसऱ्या दिवशी म्हणाले, ज्याने लिहिलं त्याला विचारता आलं असतं तर तो काय म्हणाला असता, याचा विचार कर.

"लेखक परदेशातला, माझ्या जन्माआधीच गेलेला," तुम्ही म्हणालात. "त्याला कुठे विचारणार? तो हो म्हणाला असता, असं मी धरून चालले. पण खात्री कधीच झाली नाही. या मुलींवर ती पाळी का यावी? मी तर जिवंत आहे. मी आधीच देऊन टाकते. दिलं म्हणजे घेणाऱ्याला चोरी करावी लागत नाही."

मला ते पटलं नाही.

दुसऱ्या आवृत्तीच्या प्रुफात तुम्ही मुखपृष्ठामागच्या पानावर एक मजकूर घातलात. मी तो खोडला. तुम्ही पुन्हा घातलात. असं दोनदा झालं, आणि मग तुम्ही स्वतः येऊन माझ्यासमोर बसलात. मजकूर असा होता: 'स्वतःच्या अभ्यासासाठी या पुस्तकाची एक प्रत काढून घ्यायला लेखिकेची परवानगी आहे. विकण्यासाठी काढलीत, तर मी स्वतः येईन.'

मी म्हणालो, "ताई, ही कायद्याची भाषा नाही."

"कायद्याच्या भाषेला पुण्यात कोण घाबरतं?"

छापलं. आमच्या व्यवसायात माझी यथेच्छ टिंगल झाली. कर्वेनगरच्या त्या दुकानदाराने चूक कबूल करून लेखी दिलं, पुन्हा बांधीव प्रती विकल्या नाहीत, आणि दुकानावर ठळक अक्षरांत पाटी लावली: 'पूर्ण पुस्तकाची झेरॉक्स काढून मिळणार नाही. आग्रह करू नये. लेखक असल्यास पुरावा दाखवावा.' मी ती पाटी तुम्हाला मुद्दाम दाखवायला नेलं होतं. तुम्ही ती दोनदा वाचलीत आणि म्हणालात, "म्हणजे ज्यांना परवानगी आहे त्यांनाही आता हा माणूस हाकलणार. शहाणा करायला गेलो तर अतिशहाणा झाला." आणि आत जाऊन त्याला तुमच्या पुस्तकातलं ते पान दाखवून आलात. 'पुरावा' म्हणून.

त्यानंतरची ती प्रकाशकांची बैठक तुम्हाला आठवत असेल. झेरॉक्सवाल्यांवर सरसकट कारवाई व्हावी, असा ठराव मांडायचा होता. लेखकांच्या बाजूने दोन शब्द बोला, म्हणून तुम्हाला बोलावलेलं. बोलावणाऱ्यांना वाटलं होतं, तुम्ही पाठिंबा द्याल. तुम्ही उभ्या राहिलात आणि त्या हाताने उतरवलेल्या ग्रंथाची गोष्ट सांगितलीत, आणि मग विचारलंत, "मी हाताने उतरवलं म्हणून मी कष्टाळू विद्यार्थिनी. आज एखादीने यंत्राने काढलं म्हणून ती चोर. फरक कशाचा आहे, मनगटाचा?"

एक ज्येष्ठ प्रकाशक उठले. म्हणाले, "बाई, हाताने एकच प्रत होते. यंत्राने हजार होतात."

"अगदी बरोबर बोललात," तुम्ही म्हणालात. "मग हजार काढणाऱ्याला धरा आणि एक काढणाऱ्याला सोडा. मी याहून वेगळं काही म्हणतच नाहीये."

ठरावातला 'सरसकट' हा शब्द त्या दिवशी गळला. मी मागच्या रांगेत बसलो होतो आणि मतदानात मी तुमच्या विरुद्ध होतो. पण शेजारच्याने कोपर मारून विचारलं, "तुमच्याच लेखिका ना या?" तेव्हा "माझ्याच," हे मी ज्या आवाजात म्हणालो, तो आवाज मला अजून ऐकू येतो. मुलगी बोर्डात आली की बाप पेढे वाटताना जसा बोलतो, तसा. तुम्ही माझ्याहून वयाने मोठ्या होतात, तरीही.

खपाचा वाद आपला कधीच मिटला नाही. त्या एका वाक्यामुळे पुस्तकाचा खप पडला, असं मी म्हणायचो. तुम्ही म्हणायचात, "एका पुस्तकावरून निष्कर्ष काढता येत नाही. तेच पुस्तक त्या वाक्याशिवाय छापून, त्याच वर्षी, त्याच मुलांना विकून दाखवा. मग बोलू." नापास झालेल्या विद्यार्थ्याला समजवावं तसं तुम्ही मला हे दरवर्षी समजावलंत. मला अजूनही वाटतं, खप पडला.

पण लोकांना जे ठाऊक नाही ते हे, की दुसऱ्यांना इतकी सूट देणाऱ्या तुम्ही स्वतःला तसूभरही सूट देत नव्हतात. आजारपणात तुमच्या भाचीने एका नव्या कादंबरीची पीडीएफ तुमच्या टॅबवर टाकून दिली. बिचारीने प्रेमानेच केलं. "मावशी, ग्रुपवर आली होती, मस्त आहे म्हणे." मी तेव्हा खोलीतच होतो. तुम्ही तिला जवळ बसवलंत आणि म्हणालात, "अगं, लेखक जिवंत आहे, पुस्तक दुकानात आहे, आणि माझी पेन्शन चालू आहे. यातलं एक जरी खोटं असतं, तरी मी विचार केला असता." भाचीने पीडीएफ पुसली. पुस्तक मी आणून दिलं. पन्नास पानं वाचून तुम्ही ते मिटलंत, "विकत घेतलं म्हणून नावं ठेवायचा हक्क तरी आला," म्हणालात आणि मनसोक्त नावं ठेवलीत.

आपलं शेवटचं भांडण मात्र अर्धंच राहिलं. तुम्हाला घरी आणलं होतं, खिडकीशी पलंग लावला होता. मी सांगितलं, आता झेरॉक्सवालाही मागे पडला. एक मुलगा पुस्तक आणतो, फोनने पान न् पान टिपतो आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकतो. अख्खा वर्ग स्वतःच्या अभ्यासासाठीच वाचतो. कुणीच काही विकत नाही. "आता सांगा," मी म्हणालो, "तुमच्या परवानगीत हे बसतं की नाही? वाचणारा प्रत्येक जण मनीषाच आहे. पण प्रत एक नाही."

मला वाटलं, नेहमीसारखं फाडकन काहीतरी येईल. तुम्ही डोळे मिटलेत. झोप लागली असेल म्हणून मी उठायला लागलो, तर म्हणालात, "बसा. प्रश्न चांगला आहे." मी तुमच्या तोंडून हे एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. मग म्हणालात, "ज्याने पानं टिपली त्याला मी दिलं होतं. पण त्याने पुढे दिलं, ते द्यायचा हक्क त्याला मी दिला होता का? आणि नसेल दिला, तर आता द्यावा का? थांबा. मला विचार करू दे. पुढच्या आठवड्यात या."

पुढच्या आठवड्यात मी आलो, ते तुमच्या अंत्ययात्रेला.

उत्तर काय असतं, यावर मी फार डोकं चालवलं. कधी वाटतं, तुम्ही म्हणाला असतात, टाकू देत ग्रुपवर, शिकताहेत ना. कधी वाटतं, तुम्ही वाक्यातल्या 'एक' या शब्दावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं असतंत. दोन्ही वेळा तुमचा आवाज मला तितकाच स्पष्ट ऐकू येतो. म्हणजे मला तुमचं उत्तर माहीत नाही, हेच खरं.

ती लोणी काळभोरची मुलगी पास झाली का, हेही मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असणार. पेपर झाल्यावर ती तुम्हाला भेटून गेली होती, एवढंच तुम्ही एकदा बोलून गेलात. मी पुढे विचारलं नाही. बहुधा पास झाली असती तर तुम्ही मला टोमणा मारल्याशिवाय राहिला नसतात, असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, नापास होणार हे ठाऊक असतं तरी तुम्ही ती सही केलीच असतीत.

मागच्या आठवड्यात तुमचे धाकटे भाऊ माझ्याकडे आले होते. पुस्तकाचे हक्क आता त्यांच्याकडे. लेखक गेल्यावरही साठ वर्षं हक्क घरच्यांकडे राहतो, हे मी त्यांना समजावून सांगितलं. तेही तुमच्यासारखेच, कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही न करणारे. नवी आवृत्ती काढायची आहे, अभ्यासक्रम बदललाय, मुलं विचारताहेत. त्यांनी विचारलं, "परवानगीचं ते वाक्य ठेवायचं की फोनबिन घालून नव्याने लिहायचं? तुम्ही सांगाल तसं."

मी सांगेन तसं! इतकी वर्षं ज्यासाठी भांडलो, ते कुणीतरी आपणहून माझ्या हातात आणून ठेवलं. मी प्रूफ पुढे ओढलं, पेनाचं टोपण काढलं. 'एक प्रत' च्या पुढे काही घालावं का, 'मी स्वतः येईन' हे आता ठेवावं का, असं बराच वेळ बघत बसलो. शेवटी तुमच्या भावांना म्हणालो, "काना-मात्रा हलवायची नाही. जसं आहे तसं."

त्यांनी मान डोलावली. काही विचारलं नाही, समजावून सांगा म्हणाले नाहीत, मला करार काढून बघायला लावला नाही. ते गेल्यावर मी प्रुफावर 'छापावे' लिहिलं आणि खाली सही केली. ताई, तुमचं पुस्तक तुमच्याशी भांडल्याशिवाय छापायला गेलं, असं हे पहिल्यांदाच झालं.